किती नमुन्यांपैकी?

जानेवारी २०२५ मधला पहिला सोमवार आठवून पाहा. चीनमधल्या रुग्णालयांतल्या गर्दीचे व्हिडिओ आधीच मोबाइलवर फिरत होते. त्यात बंगळुरूतल्या तीन आणि आठ महिन्यांच्या दोन बाळांमध्ये एचएमपीव्ही हा विषाणू सापडल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, जाहीर केले. संध्याकाळपर्यंत सेन्सेक्स बाराशेहून अधिक अंकांनी घसरला होता. दुसऱ्या दिवशी नागपुरातली दोन मुले वाहिन्यांच्या तावडीत सापडली. मास्क पुन्हा काढायचे का, शाळा बंद होणार का, यावर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत तावातावाने चर्चा सुरू झाली.

हा विषाणू नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ओळखला. भारतात तो पहिल्यांदा सापडल्याची नोंद पुण्यातल्या मुलांची आहे आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीतल्या, संशोधकांनी ती २००४ मध्येच प्रसिद्ध केली होती. ज्या शहरात हा विषाणू वीस वर्षांपूर्वी सापडला होता, त्याच शहरात तो परग्रहावरून आल्यासारखी घबराट पसरली. केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होते की श्वसनविकारांच्या रुग्णांत नेहमीपेक्षा वेगळी वाढ दिसत नाही. ते खरेच होते. पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवावा तरी कशाच्या आधारावर? नेहमी किती असतात, हे त्यांना कधी कुणी सांगितलेच नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे. प्रयोगशाळेत विषाणू ओळखण्याची आपली क्षमता आज चांगली आहे, महाराष्ट्राची तर देशात उजवी आहे. तरीही आपण रुग्ण मोजतो, नमुने मोजत नाही. आणि मोजलेच तर लोकांना सांगत नाही. फ्लूच्या हंगामात दर आठवड्याला, ठरलेल्या ठिकाणांहून, ठरलेल्या पद्धतीने नमुने घ्यावेत. किती तपासले, त्यांत कोणता विषाणू किती जणांत सापडला, हे राज्याच्या आरोग्य खात्याने मराठीत जाहीर करावे. काहीच सापडले नाही त्या आठवड्यातही करावे. खरे तर त्या आठवड्यात आवर्जून करावे.

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहू, म्हणजे रडगाणे गातोय असे वाटायला नको. पुण्यातली एनआयव्ही १९५२ मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून सुरू केली; तेव्हा तिचे नाव व्हायरस रिसर्च सेंटर होते. योगायोग असा की जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या प्रयोगशाळांना इन्फ्लुएन्झासाठी एका जाळ्यात बांधायला सुरुवात केली तीही १९५२ मध्येच. आज एनआयव्ही त्या जाळ्यातले भारताचे राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र आहे. केरळातला देशातला पहिला कोविड रुग्ण जानेवारी २०२० मध्ये पक्का झाला तो याच संस्थेत. तिच्या जोडीला देशभरात वैद्यकीय महाविद्यालयांतून उभ्या राहिलेल्या दीडशेहून अधिक विषाणू निदान प्रयोगशाळा आहेत. एकाच नमुन्यातून इन्फ्लुएन्झा ए, इन्फ्लुएन्झा बी आणि कोविड तिन्ही ओळखणारी आरटी-पीसीआर चाचणी आता कुणाला अपूर्वाईची वाटत नाही. यंत्रे आहेत, माणसे शिकलेली आहेत, कोविडने सगळ्यांचा हात बसवला आहे.

आता वर्तमानपत्रात काय येते ते पाहा. 'स्वाइन फ्लूचा आणखी एक बळी, शहरातील रुग्णसंख्या अमुक.' हा स्वाइन फ्लू म्हणजे २००९ साली आलेला एच१एन१. तो गेली कित्येक वर्षे माणसांतला साधा हंगामी फ्लू झाला आहे, पण डुकराचे नाव काही त्याला सोडत नाही. ते असो. बातमीतला आकडा कुठून येतो? ज्यांची चाचणी झाली आणि जे पॉझिटिव्ह आले त्यांची ती बेरीज असते. चाचणी कुणाची होते? २००९ पासूनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णांचे तीन गट केले जातात. साधा ताप-खोकला असेल तर अ गट, त्यात चाचणी नाही. ताप जास्त असेल किंवा रुग्ण गरोदर, मधुमेही, वृद्ध असा जोखमीचा असेल तर ब गट. त्यात गरजेनुसार औषध द्यायचे, पण चाचणी तिथेही नाही. धाप, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे, गुंगी अशी लक्षणे असलेला क गट मात्र रुग्णालयात दाखल करायचा आणि त्याचीच चाचणी करायची. डॉक्टरच्या दृष्टीने यात काही चूक नाही. ज्याला चाचणीविना बरे करता येते त्याच्या नाकात काडी कशाला घालायची? पण मग येणारा आकडा हा साथीचा आकडा राहत नाही. साथीतल्या सर्वांत आजारी माणसांचा, आणि त्यांतही ज्यांना चाचणीपर्यंत पोचता आले त्यांचाच तो आकडा असतो.

केंद्राच्या तक्त्यांनुसार २०१५ मध्ये देशात एच१एन१चे ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू झाले. भागाकार केला तर शंभरात सात. २०१७ मध्ये महाराष्ट्रात ६,१४४ रुग्ण आणि ७७८ मृत्यू, म्हणजे शंभरात जवळजवळ तेरा! त्याच वर्षी शेजारच्या गुजरातेत ७,७०९ रुग्ण आणि ४३१ मृत्यू, म्हणजे शंभरात साडेपाचच्या आसपास. आता नवापूर ओलांडले की विषाणू निम्म्याने सौम्य होतो, असे कुणी म्हणणार नाही. दोन राज्यांतल्या उपचारांच्या दर्जात थोडा फरक असेलही, मी ते नाकारत नाही. पण एवढ्या मोठ्या तफावतीत चाचणी कुणाची आणि किती जणांची केली याचा वाटा किती, हे त्या तक्त्यातून कळायला काही वाव नाही, कारण किती नमुने तपासले हा रकानाच त्यात नाही. धावा सांगायच्या आणि किती षटकांत झाल्या ते सांगायचे नाही, असा हा धावफलक आहे. त्यावरून दरवर्षी कुणीतरी मृत्युदर काढतो, कुणीतरी विधानसभेत प्रश्न विचारतो, कुणीतरी 'परिस्थिती नियंत्रणात आहे' असे उत्तर देतो. तिघांच्याही हाती काही नसते.

गंमत म्हणजे हा रकाना सरकारकडे नाही असे नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. त्यातले एस, पी आणि एल हे तीन फॉर्म सरकारी आरोग्य सेवेतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. एस फॉर्म उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, लक्षणांवरून भरते, पी फॉर्म डॉक्टर आपल्या अंदाजाने भरतात आणि एल फॉर्म प्रयोगशाळा. एल फॉर्ममध्ये किती नमुने तपासले आणि किती पॉझिटिव्ह आले, असे दोन्ही रकाने होते. २०२१ पासून हे सगळे आयएचआयपी या ऑनलाइन व्यवस्थेवर गेले. शिवाय भारत आपली इन्फ्लुएन्झाची आकडेवारी जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लूनेटला पाठवतो. तिथे आठवड्यावार किती नमुने तपासले आणि त्यांत फ्लूच्या प्रकारांपैकी एच१एन१ किती, एच३एन२ किती, बी किती हे कुणालाही पाहता येते. पण ते आख्ख्या देशाचे. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाची एक ओळ. काश्मीरचा हिवाळा आणि कोकणचा आषाढ एकाच बेरजेत. म्हणजे जिनिव्हात बसलेल्या माणसाला भारताची पॉझिटिव्हिटी, तपासलेल्या शंभरांत पॉझिटिव्ह किती ते, कळते आणि साताऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञाला साताऱ्याची कळत नाही.

काश्मीर आणि कोकण असे म्हटले ते उगाच नव्हे. आपल्याकडे फ्लूचा हंगाम नेमका कधी असतो, हा प्रश्नच मुळात प्रयोगशाळांनी सोडवला. पाठ्यपुस्तकांतला फ्लू हिवाळ्यातला, कारण पुस्तके लंडन-न्यूयॉर्कची. एनआयव्हीच्या मनदीप चढ्ढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०१३ या काळात देशातल्या दहा शहरांतून नियमित गोळा केलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे: श्रीनगरला फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. पुणे, नागपूर, दिल्ली, लखनौ, कोलकाता इथे जुलै ते सप्टेंबरमध्ये, पावसाबरोबर. चेन्नई आणि वेल्लोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कारण तिथला मुख्य पाऊस तेव्हाचा. यावरून निघालेला निष्कर्ष अगदी व्यवहारातला होता. श्रीनगरकरांनी लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यावी, पुणेकर-नागपूरकरांनी एप्रिल-मेमध्ये. जागतिक आरोग्य संघटना लशीतले विषाणू वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. भूगोलाच्या पुस्तकात आपण उत्तर गोलार्धात आहोत, पण फ्लूच्या बाबतीत आपल्याला बऱ्याचदा दक्षिणेची लस वेळेवर पडते. हे ज्ञान कुणा प्रतिभावंताला स्वप्नात सुचलेले नाही. पाच वर्षे, दर आठवड्याला, कुणीतरी बाह्यरुग्ण विभागातल्या खोकणाऱ्या माणसाला थांबवून घशातला आणि नाकातला स्वॅब घेतला, तो व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या, नळीत बुडवला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि फॉर्म भरला. या कामाला ना बातमी मिळते, ना पुरस्कार.

तरी एवढे होऊनही आपल्याकडे बरेच लोक लस विचारायला येतात ती ऑगस्टमध्ये, शेजारी कुणीतरी दाखल झाल्यावर. लशीचा परिणाम दिसायला दोनएक आठवडे लागतात. तोवर गणपती येऊन गेलेले असतात.

नियमित आकडेवारीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक मंत्रालयात नाही, गल्लीतल्या दवाखान्यात आहे. फॅमिली डॉक्टरसमोर ताप-खोकल्याचे चाळीस रुग्ण रांगेत बसलेले असतात. प्रत्येकाची पीसीआर करणे शक्य नाही, परवडणारही नाही. पण या आठवड्यात आपल्या भागात तपासलेल्या शंभर नमुन्यांपैकी तीस इन्फ्लुएन्झाचे निघत आहेत एवढे त्याला कळले, तर समोरच्या गरोदर बाईला चाचणीची वाट न पाहता ओसेल्टामिविर हे फ्लूचे औषध सुरू करण्याचा निर्णय तो ठामपणे घेऊ शकतो. हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडते; अहवाल तिसऱ्या दिवशी आला तर त्या अहवालाचा रुग्णाला फारसा उपयोग नाही. एकेकाळी ते औषध मिळवणेच अवघड होते. औषध नियमांतल्या परिशिष्ट एक्स या कडक निर्बंधांच्या यादीत असल्याने मोजक्याच दुकानांत मिळे. २०१७ मध्ये ते परिशिष्ट एच१ या त्यामानाने सैल यादीत आणले आणि ही अडचण गेली. औषध दुकानात पोचले. ते कधी द्यायचे हे ठरवायला लागणारी माहिती मात्र पोचली नाही.

आणि याची उलटी बाजू अधिक गंभीर आहे. मार्च २०२३ मध्ये देशात एच३एन२ची लाट होती. लोकांना आठवत असेल, तीन-तीन आठवडे खोकला जात नव्हता. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने आपल्याच डॉक्टरांना जाहीर पत्रक काढून सांगितले की ॲझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव्ह अशी प्रतिजैविके ऊठसूट देऊ नका, हा विषाणू आहे. संघटनेला असे सांगावे लागते याचा अर्थ डॉक्टर अडाणी आहेत असा मी लावणार नाही. समोर काय आहे ते माहीत नसले की माणूस सगळ्यांवर चालेल असे काहीतरी लिहून देतो. आठवड्याच्या आठवड्याला 'सध्या जिल्ह्यात एच३एन२ जोरात आहे' हे भिंतीवर लावता आले असते, तर रुग्णाला समजावणेही सोपे गेले असते. 'डॉक्टर, एक अँटिबायोटिक द्याच' हा हट्ट रुग्णही करतात, हे विसरून चालणार नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: आकडे जाहीर केले की घबराट पसरते. मला हा आक्षेप पटत नाही, आणि अनुभवही त्याच्या विरुद्ध आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्रात कोविडचा एकही रुग्ण जाहीर झालेला नसताना कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने पोल्ट्रीवाल्यांचे कंबरडे मोडले. तेव्हा कोणत्या आकड्यांनी घबराट पसरवली होती? आकड्यांच्या अभावाने पसरवली. उलट जून २०२१ मधली गोष्ट घ्या. राज्याने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले. जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी दर आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या यावर दर आठवड्याला जिल्हा कुठल्या स्तरात ते ठरे. दर पाच टक्क्यांच्या खाली आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा पंचवीस टक्क्यांच्या खाली असलेला जिल्हा पहिल्या स्तरात. त्या काळात चहाच्या टपरीवर माणसे पॉझिटिव्हिटी रेटवर वाद घालत होती, आणि बऱ्यापैकी बरोबर वाद घालत होती. दुकान दोनला बंद करायचे की चारला, हे ज्या आकड्यावर ठरते तो आकडा लोकांना समजतो. 'सामान्यांना हे कळणार नाही' असे म्हणणाऱ्यांनी सामान्यांची ती परीक्षा एकदा घेतलेली आहे. ते पास झालेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या देशात क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडतो तिथे सर्दी-खोकल्याच्या चाचण्यांवर पैसा का घालवायचा? यावर हिशेबच मांडायला हवा. राज्यात ३६ जिल्हे. प्रत्येक जिल्ह्यातून आठवड्याला तीस नमुने घेतले तर होतात १,०८०. एप्रिल २०२१ मध्ये हेच राज्य एका दिवसात दोन लाखांहून अधिक कोविड चाचण्या करत होते. त्यांत अँटिजेन चाचण्याही होत्या हे मान्य, पण पीसीआर कमी नव्हत्या. आठवड्याला हजारभर नमुन्यांनी खजिना रिकामा होत नाही. हजार पुरतात का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तीस नमुन्यांवरून एका जिल्ह्याबद्दल ठाम बोलू नये. तीनाचे सहा झाले की दर दुप्पट झाल्यासारखा दिसेल आणि मीच वर ज्याला नावे ठेवली तसली बातमी होईल. म्हणून सुरुवातीला आरोग्य खात्याच्या आठ परिमंडळांनुसार आकडे द्यावेत. परिमंडळाला सव्वाशे-दीडशे नमुने आले की चित्र बऱ्यापैकी स्थिर राहते. कोल्हापूर परिमंडळात काय चालले आहे आणि अकोल्यात काय, एवढा फरक कळला तरी आजच्यापेक्षा खूप आहे.

महत्त्वाचे आहे ते हे तीस जण निवडायचे कसे. 'ज्याला डॉक्टरांनी पाठवले त्याचा नमुना' ही पद्धत इथे चालत नाही, कारण साथीची बातमी आली की घाबरलेले लोक रांग लावतात आणि प्रयोगशाळा त्यांच्यातच बुडते. पुण्याने हे २००९ मध्ये पाहिले आहे. ३ ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. तिचे नाव आणि छायाचित्र सगळीकडे छापून आले. आज आपण तसे करणार नाही अशी आशा. पुढचे कित्येक दिवस नायडू रुग्णालयाबाहेर मास्क लावलेल्या, बहुतेक धडधाकट माणसांच्या रांगा होत्या. एनआयव्हीत नमुन्यांचा ढीग पडला. तपासणी प्रचंड झाली, पण त्यातून साथ शहरात कशी पसरते आहे ते समजणे आणखी कठीण झाले, कारण आकडा विषाणूबरोबर वाढत होता की भीतीबरोबर, हे वेगळे काढता येत नव्हते.

याला उत्तर जुने आहे आणि साधे आहे. ठरावीक दवाखाने निवडायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत बसणारे, म्हणजे दहा दिवसांच्या आत सुरू झालेला खोकला आणि ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप असलेले, आठवड्यातले पहिले ठरावीक रुग्ण घ्यायचे. भीती वाढली म्हणून नमुने वाढवायचे नाहीत, बातमी थंडावली म्हणून कमी करायचे नाहीत. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांचे असे जाळे १९६०च्या दशकापासून दर आठवड्याला अहवाल देत आले आहे. आपल्याकडेही निवडक रुग्णालयांतून असे सर्वेक्षण चालते. त्याचा पाया सरकारी रुग्णालयांवर आहे. पण महाराष्ट्रातला खोकणारा माणूस आधी जातो तो खासगी दवाखान्यात. त्याला वगळून काढलेले चित्र अर्धेच राहणार. जिल्ह्यातल्या पाच ठिकाणांपैकी दोन तरी खासगी असावीत, त्यातले एक तालुक्याच्या गावी असावे आणि त्या डॉक्टरला आठवड्याच्या शेवटी आपल्या रुग्णांचे निकाल परत मिळावेत. आज नमुना वर जातो आणि बऱ्याचदा खाली काहीच येत नाही. फुकट काम करणारा माणूस दोन महिने करतो, मग सोडून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

इथे मला एक कडू गोष्ट म्हणायची आहे. आपल्याला इमारती बांधायला आवडतात. एनआयव्हीच्या पाषाणच्या आवारातली सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा हवीच होती, तिचा अभिमानही आहे. पण सर्वेक्षणाचा दोर तुटतो तो दुसऱ्या टोकाला, जिथे नमुना घेणारा माणूस कंत्राटावर आहे आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्याला माहीत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कर्मचारी सेवेत कायम करा म्हणून २०२३ मध्ये संपावर गेले, २०२५ मध्ये पुन्हा गेले. त्या संपांकडे आपण पगाराचे भांडण म्हणून पाहिले. ज्या काळात नमुना घेणारा हात कामावर नसतो त्या काळात विषाणूंची नोंदही होत नाही, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

नियमितपणे, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या ठिकाणी पाहत राहिले की काय सापडते याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मेळघाटातल्या आदिवासी गावांत लहान मुलांमधल्या आरएसव्ही या विषाणूचा अभ्यास चालू होता. गावोगाव आजारी बाळांचे नमुने घेतले जात होते. २०१९च्या सुरुवातीला सतरा महिन्यांच्या एका कोरकू मुलाच्या नमुन्यात अनपेक्षित काहीतरी निघाले आणि एनआयव्हीने तो एच९एन२ असल्याचे ओळखले, कोंबड्यांतला बर्ड फ्लू. भारतातली ही माणसातली पहिलीच नोंद. तो शोधायला कुणी गेले नव्हते. शोध दुसऱ्याच विषाणूचा होता, पण काडी नाकात गेली होती म्हणून सापडला. देशातला असा दुसरा रुग्ण २०२४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला, चार वर्षांचे मूल. मार्चमध्ये घेतलेल्या नमुन्यात इन्फ्लुएन्झा ए आहे हे तिथल्या प्रयोगशाळेत कळले, पण नेमका उपप्रकार कळायला एप्रिलची अखेर उजाडली. तो विषाणू माणसांत वेगाने पसरणारा नव्हता म्हणून हे सात आठवडे कुणाला जाणवले नाहीत.

विषाणू वेगाने पसरणारा असला की उशीर जाणवतो. २४ मार्च २०२१ रोजी केंद्राने सांगितले की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल असलेला कोविडचा विषाणू दिसतो आहे आणि डिसेंबरच्या तुलनेत त्याचे प्रमाण वाढले आहे. विदर्भात, अमरावतीकडे, फेब्रुवारीतच रुग्ण भराभर वाढू लागले होते. त्या कुळातला एक प्रकार पुढे डेल्टा या नावाने जगभर गेला. प्रयोगशाळांनी त्यांचे काम केले होते. आठवड्याच्या आठवड्याला ते प्रमाण पाच, आठ, बारा असे चढताना लोकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिसले असते, तर एप्रिल टळला असता असे मी म्हणणार नाही. पण ऑक्सिजनची तयारी काही दिवस आधी सुरू झाली असती. त्या एप्रिलमध्ये काही दिवस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना ठाऊक आहे.

'काहीच सापडले नाही' हे जाहीर करण्याचे मोलही एका उदाहरणातून सांगता येते. इन्फ्लुएन्झा बीच्या दोन शाखांपैकी यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेली नाही. कोविडच्या निर्बंधांत ती बहुधा संपली. हे कळले कसे? शेकडो प्रयोगशाळा दर आठवड्याला तिला शोधत राहिल्या आणि दर आठवड्याला शून्य लिहीत राहिल्या म्हणून. त्या शून्यांच्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये तिला लशीत ठेवण्याची गरज उरलेली नाही असे सांगितले आणि चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांवर येऊ लागली. शोधणे थांबवले असते तर नसणे आणि न दिसणे यातला फरक कधीच कळला नसता.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर माझ्याकडे एक जागा आहे. आषाढी वारी बहुतेक वर्षी जूनमध्ये निघते, फ्लूचा हंगाम चढू लागतो तेव्हाच. लाखो माणसे, त्यांत साठीच्या पुढची पुष्कळ, दोन-अडीच आठवडे पावसात एकत्र चालतात, एकत्र झोपतात आणि मग राज्याच्या कानाकोपऱ्यांत परत जातात. सरकारचा 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम तिथे आधीच आहे, दर काही किलोमीटरवर आरोग्य पथक आहे, डॉक्टर आहेत, रुग्णवाहिका आहेत. वारकऱ्यांना गोळ्या दिल्या जातात, पाय चोळून दिले जातात आणि किती लाखांवर उपचार झाले याचा आकडा शेवटी अभिमानाने जाहीर होतो. त्या पथकांपैकी आठ-दहा पथकांनी ताप-खोकल्याच्या दर दहाव्या वारकऱ्याचा, त्याला विचारून, एक स्वॅब घ्यावा आणि तो पुणे, सोलापूर किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रोज संध्याकाळी पोचवावा. द्वादशीच्या सुमारास परिमंडळवार तक्ता निघावा. त्यात पहिला रकाना तपासलेल्या नमुन्यांचा असावा. पालख्या परत फिरतात तेव्हा जुलै असतो, आणि गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आपल्याकडे काय येऊ घातले आहे ते कळायला अजून वेळ असतो.